कुंडी रिकामी नाही, कंद झोपलाय

जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि पुण्यातल्या कितीतरी बाल्कन्यांत नव्या कुंड्या येतात. फेब्रुवारीत दिल्लीच्या चौकांतल्या ट्युलिपचे फोटो फोनवर येऊन पडतात, मार्च-एप्रिलमध्ये श्रीनगरच्या बागेचे. मग ओळखीचे लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "ट्युलिपचं बी ऑनलाइन मागवलंय, कधी पेरू?" दुसरा दिवाळीनंतर येतो, "लिलीची पानं सगळी पिवळी पडून गेली. कंद मेला का हो?"

आमच्या शेजारच्या काकूंनी हा दुसरा प्रश्न विचारलासुद्धा नाही. त्यांच्या कुंडीत मे लिली होती. बरेच जण तिला फुटबॉल लिली म्हणतात, लाल चेंडूसारखं फूल येतं तीच. डिसेंबरात पान राहिलं नाही, म्हणून माती तरी उपयोगी पडेल असं म्हणत त्यांनी ती कुंडी मला देऊन टाकली. मी मातीत बोटं खुपसली तर चार बोटं खाली गार, टणक गोळा हाताला लागला. दाबून पाहिला, कुठेही मऊ नव्हता. कुंडी तशीच जिन्याच्या कोपऱ्यात ठेवली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पाण्याचा थेंबही दिलेला नसताना, मातीतून जांभळट ठिपक्यांचा कोंब वर आला आणि मेमध्ये काकू त्या फुलाचा फोटो नातेवाइकांना पाठवत होत्या.

कंद झोपतो. कधी झोपायचं आणि कधी उठायचं हे त्याच्या मूळ गावच्या हवामानानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवून दिलेलं असतं. ते गाव कळलं की पुण्यात त्याला सांभाळणं सोपं होतं. न कळता सांभाळायला गेलं की पाणी घालून घालून आपणच त्याला कुजवतो.

आधी स्वयंपाकघरातला कांदा चिरा

कंद म्हणजे काय हे समजायला नर्सरीत जायची गरज नाही. एक कांदा घ्या आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उभा चिरा. तळाशी, मुळांच्या झुपक्याच्या वर, एक पातळ कडक चकती दिसेल. ते या झाडाचं खोड. जाड रसाळ पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ, झाडानं उन्हात कमावलेली साखर त्यांत साठवलेली असते. आणि मधोमध, जुना कांदा असेल तर हमखास, फिकट हिरवा कोंब दिसतो. तो पुढच्या हंगामासाठी तयार होऊन बसलेला असतो.

खेड-जुन्नरकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी काळ्या बियाचं रोप होतं, रोपाचा कांदा होतो. बी हवं असेल तर निवडक गोट, म्हणजे तयार कांदे, पुन्हा जमिनीत लावायचे, मग थंडीत दांडा वर येतो, त्यावर पांढरा गोंडा फुलतो आणि त्यात बी भरतं. रोप जोमात आलेलं असताना थंडी जास्त पडली तर काही कांदे घाई करतात आणि पहिल्याच वर्षी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. म्हणजे फूल यायला नुसतं वय पुरत नाही, ठरावीक तापमानाचा निरोपही मिळावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, ट्युलिपपाशी तो पुन्हा लागणार आहे.

सगळेच कंद कांद्यासारखे नसतात. ग्लॅडिओलसचा चिरला तर पापुद्रे दिसत नाहीत, आतून तो बटाट्यासारखा भरीव असतो. कळलावीचा नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यामुळेच. शास्त्रात या प्रत्येकाला वेगळं नाव आहे, पण आपल्या कामापुरतं सगळ्यांना कंद म्हटलं तरी चालेल.

डुलकी आणि भूल

झाड जिवंत असतं पण वाढ थांबवून पडून राहतं, या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. मी यापुढे झोपच म्हणेन. ही झोप दोन प्रकारची असते आणि बहुतेक कंद मरतात ते हा फरक न कळल्यामुळे.

एसटीत खिडकीशी डुलकी लागलेला प्रवासी असतो. कंडक्टरनं हाक मारली की तो डोळे उघडतो. रेन लिली अशी आहे. पाणी नाही म्हणून ती पडून राहते, पावसाची चांगली सर झाली की काही दिवसांत कळ्या वर. कुंडी दोन-तीन आठवडे कोरडी ठेवून मग तुडुंब पाणी दिलं तरी ती बहुधा फसते आणि फुलते.

दुसरा असतो ऑपरेशनसाठी भूल दिलेला पेशंट. त्याला हाका मारून उपयोग नाही. वेळ व्हावी लागते, औषध उतरावं लागतं. त्याच्या तोंडात पाणी ओतलं तर तो उठणार नाही, गुदमरेल. नुकताच काढलेला ग्लॅडिओलसचा कंद असा असतो. आज काढून उद्या लावला आणि रोज पाणी घातलं तर तो उगवत नाही, मऊ पडतो.

ही भूल उतरते कशानं? प्रत्येकाचं औषध वेगळं. ग्लॅडिओलसची उतरते थंडीनं, म्हणून फुलशेती करणारे कंद काढल्यावर दोन-तीन महिने शीतगृहात ठेवतात. फ्रीसियाची नेमकी उलट्या बाजूनं, उकाड्यानं उतरते. तिच्या कंदाला साधारण तीस अंशांची ऊब दहा-बारा आठवडे मिळाली की तो लागवडीला तयार होतो. आपला पुणेरी उन्हाळा तिला आयताच उपयोगी पडतो. आणि कांदा? तो कडक थंडीत झोपलेला राहतो, तिशीच्या उकाड्यातही झोपलेला राहतो, आणि मधल्या दहा-वीस अंशांत झपाट्यानं कोंब काढतो. कांदाचाळीत भरलेला उन्हाळ कांदा मे महिन्यात निवांत असतो आणि हवा गार झाली की डोकं वर काढतो, त्यामागे हेच गणित आहे. लासलगावला २००२ पासून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करण्याचं केंद्र आहे. तिथे कोंबाचा वाढता शेंडाच निकामी केला जातो. असा कांदा टिकतो, पण कुंडीत लावला तर उगवणार नाही.

पाहुण्याचं गाव विचारा

नर्सरीत कंद घेताना मी रंगाच्या आधी गाव विचारते. उत्तर मिळालं नाही तर घरी येऊन शोधते.

पहिलं गाव पुण्यासारखंच, पावसाळा उन्हाळ्याला जोडून आणि हिवाळा कोरडा. अमॅरिलिस म्हणून विकली जाणारी मोठी लिली दक्षिण अमेरिकेतली, निशिगंध मेक्सिकोतला, मे लिली आफ्रिकेतली, कळलावी तर आपल्याकडचीही. ही मंडळी इथे घरच्यासारखी राहतात. पावसात पानं, हिवाळ्यात झोप, उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर जाग. आपल्या सह्याद्रीतल्या कंदांचीही हीच रीत. कोकणातल्या बाजारात जूनमध्ये येणारी शेवळं म्हणजे झोपेतून उठलेल्या कंदानं पानाआधी वर पाठवलेला फुलोराच असतो. कुलूची भाजी म्हणून आपण खातो ती पानंही अशाच जमिनीखाली वाट पाहणाऱ्या झाडाची.

दुसरं गाव दक्षिण आफ्रिकेचं केप टाऊनकडचं टोक. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. फ्रीसिया, स्पॅरॅक्सिस, बबियाना तिथल्या. त्यांची अडचण अशी की त्या झोपतात तेव्हा पुण्यात आधी एप्रिल-मेचा कोरडा उकाडा असतो, तो त्यांना मानवतो, पण पाठोपाठ जूनपासून चार महिने पाऊस. कोरड्या झोपेची सवय असलेला कंद उबदार ओल्या मातीत फार दिवस टिकत नाही. म्हणून या कुंड्या मेअखेर छपराखाली गेल्याच पाहिजेत.

तिसरं गाव मध्य आशियातले डोंगर. तिथला हिवाळा बर्फाचा आणि लांब. ट्युलिप तिथलं.

फ्रिजमध्ये ठेवून ट्युलिप फुलवता येणार नाही का?

येईल, एकदा. ट्युलिपच्या कंदाला नऊ अंशांच्या खालची थंडी साधारण बारा ते चौदा आठवडे लागते, तरच दांडा लांब होतो. पुण्यात कडाक्याच्या थंडीतही एखाद्या रात्री पारा आठ-नऊवर येतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसवर जातो. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत घालून ही थंडी देता येते. मात्र शेजारी सफरचंद, केळी, आंबे ठेवू नका. पिकणारी फळं जो वायू सोडतात त्यानं आतली कळी मरते. ज्यांना डिसेंबरात लावून जानेवारीत फुलं मिळतात त्यांना असे थंडी दिलेलेच कंद मिळालेले असतात. दिल्लीतही दरवर्षी नव्यानं कंद आणून लावतात.

खरी अडचण फुलानंतर येते. ट्युलिपचा कंद फुलताना स्वतःला खर्ची घालतो आणि त्याच्या कुशीत नवे छोटे कंद धरतात. त्यांना पोसायला पानांना दीड-दोन महिने गार वसंत हवा असतो. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर पारा पस्तिशीकडे जातो, पानं करपतात, पिल्लं उपाशी राहतात. पुढच्या वर्षी जेमतेम एखादं पान येतं. यात बाग करणाऱ्याचा काहीही दोष नसतो. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण "माझा हातच वाईट" म्हणून बागकाम सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि बी? ट्युलिपच्या बियालाही उगवायला थंडी लागते, मग रोपाला फुलायला पाच ते सात वर्षं, त्यातलं प्रत्येक वर्ष बर्फाळ हिवाळ्याचं. पुण्यातल्या बाल्कनीत हे होणारच नाही. निळ्या ट्युलिपचं चित्र असलेल्या पाकिटांपासून तर लांबच राहा. खरा निळा ट्युलिप अस्तित्वात नाही.

मग बियांपासून काय वाढवावं?

अमॅरिलिस लिली. यावर मी थोडी जास्त बोलणार, कारण हा आनंद पुण्यात कुणालाही घेता येतो आणि फार थोडे लोक घेतात.

मार्च-एप्रिलमध्ये फूल उमललं की पुंकेसरांवर पिवळी पूड दिसते. मधला लांब दांडा टोकाशी तीन भागांत उलगडला की रंगाच्या ब्रशनं ती पूड तिथे लावायची. दुसऱ्या रंगाच्या झाडाची मिळाली तर उत्तम. चार-पाच दिवसांत फुलामागची गाठ फुगू लागते. महिना-सव्वा महिन्यात तीन कप्प्यांचं बोंड पिवळं पडून तडकतं. आत काळ्या, कागदासारख्या चपट्या बियांच्या चवडी असतात. एकेक बी उजेडासमोर धरा. मध्ये गडद फुगीर ठिपका दिसला तर भरलेली, नुसता काळा पापुद्रा असेल तर पोचट.

ही बी साठवायची नसते. कांद्याचं जुनं बी शेतकरी घेत नाही, तीच गोष्ट इथे. काही महिन्यांत तिच्यातला जीव जातो. वाटीत पाणी घेऊन त्यावर बिया तरंगत सोडा. आठ-पंधरा दिवसांत कडेतून पांढरं मूळ डोकावतं. मग कोकोपीट, जाडी वाळू आणि थोडं गांडूळखत अशा मिश्रणात मूळ खाली करून अलगद टेकवायची. रेन लिलीच्या बियाही काळ्या चपट्या, त्या थेट पेरल्या तरी चालतात आणि वर्ष-दोन वर्षांत फुलतात. पिवळी रेन लिली भरपूर बी देते, मोठी गुलाबी सहसा देत नाही. नागदवण्याची बी तर हिरवट मांसल गोटीच असते. टेबलावर विसरली तरी पाणी, माती काही नसताना तिला मोड येतो.

अमॅरिलिसचं रोप पहिल्यांदा हुबेहूब गवतासारखं दिसतं. माझ्या पहिल्या खेपेला बाग साफ करणाऱ्यानं अर्ध्याहून जास्त रोपं गवत समजून उपटून टाकली, मी घरी नव्हते. तेव्हापासून ट्रेवर ठळक पाटी असते. पहिल्या पावसाळ्यानंतर पानाच्या बुडाशी वाटाण्याएवढा कंद होतो, मग बोराएवढा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लिंबाएवढा. लहान मोसंबीएवढा झाला की तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी फूल.

हिशोब पानांचा आहे. या लिलीत साधारण दर चार पानांमागे कंदाच्या आत एक फुलाचा दांडा तयार होतो, आणि तो बाहेर येण्याच्या वर्षभर आधीपासून आत बनत असतो. फुलून गेल्यावर पानं "बरी दिसत नाहीत" म्हणून कापणारा पुढच्या वर्षीचं फूलच कापत असतो.

पिल्लांना झोपवायचं का?

सगळ्यात जास्त रोपं इथे दगावतात. मोठ्या लिलीला हिवाळ्यात कोरडं ठेवतात हे वाचून लोक वाटाण्याएवढ्या कंदालाही नोव्हेंबरात पाणी बंद करतात. एकादशी मोठ्यांनी करायची, तान्ह्याला उपास घडवायचा नसतो. लहान कंदाजवळ साठाच नसतो, दोन महिन्यांच्या कोरड्यात तो सुरकुतून जातो, वाचला तरी वर्षभर मागे पडतो. अमॅरिलिसच्या रोपांना पहिली दोन वर्षं हिवाळ्यातही पाणी चालू ठेवा, फक्त कमी. पानं हिरवी राहिली तर राहू द्या, तेवढी वाढ पदरात पडते.

पण कळलावी, ग्लॅडिओलस, फ्रीसिया यांची रोपं पहिल्याच वर्षी आपणहून पानं टाकतात. त्यांना जागं ठेवायचा हट्ट करू नये. त्यांची अडचण वेगळीच. मसुराएवढे ते कंद उकरून डब्यात ठेवले तर मे महिन्यापर्यंत वाळून खडा होतात. म्हणून ते त्याच मातीत, सावलीत ठेवायचे आणि तीन आठवड्यांतून एकदा कुंडीच्या कडेनं दोन चमचे पाणी सोडायचं. माती भिजता कामा नये, आतली हवा अगदी हाडासारखी कोरडी होऊ नये एवढंच. कळलावीचं बी उगवायलाच काही महिने घेते, तोवर कुंडी फेकायची नाही. तिचा प्रत्येक भाग, कंद तर फारच, विषारी असतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर लावूच नका.

एक गंमत ग्लॅडिओलसच्या रोपात पाहायला मिळते. कंदाखाली एखाद-दुसरं जाड, पांढरं, अंगावर सुरकुत्या असलेलं मूळ असतं. ते खाली रुतून मग आखडतं आणि रहाटाच्या दोरासारखं कंदाला खोल ओढून नेतं. अर्धा इंच खोल पेरलेलं बी पुढे दोन-तीन इंच खाली सापडतं ते यामुळे. उन्हापासून लांब जाऊन झोपायची ही त्याची सोय आहे, तेव्हा बियांसाठी उथळ ताटल्या न घेता निदान सहा इंच खोल कुंडी घ्या.

कंद विकत मिळतो, मग एवढी वर्षं कशाला?

कंदाला फुटलेली पिल्लं आईची हुबेहूब प्रत असतात, आईचे आजारही घेऊन येतात. पानांवर पिवळे-हिरवे पट्टे पाडणारा विषाणू लिलीत शिरला की तो पिल्लांत उतरतो, त्यावर औषध नाही. बी मात्र बहुधा स्वच्छ असते. दुसरं म्हणजे, नवं काही जन्माला यायचं तर बहुतेकदा ते बियांतूनच येतं. डबल निशिगंधाला बी धरत नाही, सिंगलला धरते, म्हणून नव्या वाणाची सुरुवात सिंगलपासून करावी लागते. पुण्यातल्या गणेशखिंडीत कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथल्या ग्लॅडिओलस आणि निशिगंधाच्या वाणांमागे अशी वर्षानुवर्षांची निवड आहे. तुमच्या बाल्कनीतल्या दोन लिलींच्या संकरातून येणारं फूलही आजवर कुणी पाहिलेलं नसेल.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जंगली कंद उकरून आणायची सवय बियांमुळे सुटते. सिंहगडाच्या वाटेवर किंवा कासच्या पठारावर दिसलेलं फूल कंदासकट घरी आणणारे लोक आहेत. ज्या कंदाला तिथवर पोचायला पाच-सहा पावसाळे लागले, तो कुंडीत एका मोसमात संपतो. कास संरक्षित आहे, तिथलं बीसुद्धा उचलायचं नाही. रानफुलं हवीच असतील तर ज्यांच्या बागेत ती आधीपासून वाढतात त्यांच्याकडून बी मागून घ्यावं.

पुण्यात झोपवायचं कसं?

मोठ्या अमॅरिलिसला दिवाळीनंतर पाणी कमी करत न्या, डिसेंबर-जानेवारी बंद, फेब्रुवारीत कंदाचं नाक हिरवं दिसलं की एकदा पाणी द्या आणि कोंब बोटभर होईपर्यंत थांबा. जमिनीत लावलेली असेल तर काहीच करू नका, ती स्वतःच सांभाळते. मे लिलीचं पाणी पानं पिवळी पडली की बंद, कोंब दिसला की सुरू. ग्लॅडिओलसची पानं वाळली की कंद काढा, सावलीत वाळवा, जाळीच्या पिशवीत टांगा. फ्रीसियाचं बी ऑक्टोबरात पेरायचं, रात्री गार होऊ लागल्यावर. परदेशी व्हिडिओतला महिना जसाच्या तसा उचलू नका, दक्षिण आफ्रिकेतला हिवाळा जून-जुलैत असतो.

वळवाचा पाऊस मात्र विसरायचा नाही. एप्रिल-मेमध्ये एका संध्याकाळी धो-धो कोसळतो आणि गच्चीवरच्या झोपलेल्या कुंड्या भरून जातात. कुंडी आडवी करून ठेवली की पुरे, माती भिजत नाही.

कंद जिवंत आहे का, ही शंका आली तर अंगठ्यानं दाबा. टणक असेल तर झोपलाय. मऊ असेल, आंबूस वास येत असेल, तर गेला.

काकूंची कुंडी मी त्यांना परत दिली आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी मार्करनं लिहिलंय, "डिसेंबर ते एप्रिल झोप. पाणी नको." गेल्या वर्षी त्या झाडाला लाल फळं धरली. गर धुऊन काढून त्यांनी सहा बिया वेगळ्या कुंडीत लावल्या, चार उगवल्या. त्या कुंडीवरची पट्टी वेगळी आहे, "लहान आहेत. थोडं पाणी चालू."